घासागणिक लक्ष

जेवताना तात्यारावांचं डोकं मोबाइलमधून वर निघत नाही, म्हणून जयाताईंनीच त्यांना शनिवार पेठेतल्या माइंडफुलनेसच्या वर्गाला घातलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, प्रत्येक घास लक्ष देऊन खा, खरा आनंद त्यातच आहे.

त्या रात्री तात्यारावांनी मोबाइल बंद केला आणि डोळे मिटून सावकाश घास चावला.

"आमटी कालचीच आहे. पोळी एका कडेला जाड आहे. आणि भाजीची फोडणी जळली तेव्हा तू बहिणीशी फोनवर बोलत होतीस. मी तक्रार करत नाहीये, जया. फक्त नोंद घेतोय."



दुसऱ्या दिवशी जयाताईंनी ताट वाढलं, तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला आणि स्वतःच मॅच लावून दिली.