पिशवीची खुर्ची

सात वर्षांपूर्वी मित्राचं एक पत्र आलं होतं, त्याला मी उत्तर दिलं नाही. समोर विचारलं तर मी काहीतरी सबब सांगून सटकेन, हे ओळखून त्याने लिहून विचारलं होतं: "महिन्यातून एक संध्याकाळ बाजाराचा रस्ता गाड्यांना बंद करून तिथे चित्रं, गाणी, कविता असं ठरलंय. आपण दोघं वाचू. कळव." त्याच्या कविता माझ्या कवितांपेक्षा चांगल्या होत्या. मी कळवलं नाही.

तो एकटाच वाचू लागला. मी दर महिन्याला चष्म्याच्या दुकानाच्या खांबाआड उभा राहून ऐकतो. त्याला टाळ्या पडल्या की माझ्या पोटात दुखतं, आणि एखादी ओळ फसली की घरी जाताना माझे पाय हलके होतात.

त्याच्या शेजारच्या खुर्चीवर कायम त्याची कापडी पिशवी असते. काल मला राहवलं नाही. खुर्च्या मांडणाऱ्या बाईंना म्हणालो, "मोठ्या कवींच्या पिशवीलाही मानाची जागा लागते वाटतं."

"पिशवीची नाही हो काका, ती त्यांच्या मित्राची खुर्ची आहे," त्या म्हणाल्या. "कुणी बसू नये म्हणून पिशवी ठेवतात. पत्र पाठवलंय म्हणे, उत्तर यायचंय."

"आणि नाहीच आलं तर?"

"आम्हीही हेच विचारतो. म्हणतात, तो पहिल्यापासूनच जरा सावकाश लिहितो."

आज सकाळी पेटीत कार्ड टाकून आलो. सात वर्षं सुचत नव्हतं ते एका ओळीत मावलं: "पुढच्या महिन्यात पिशवी खाली ठेव."