साठ हेलकाव्यांचं घड्याळ

"मालक, तुमचं घड्याळ चोर आहे! रोज आमचा दीड तास खातं आणि ढेकरही देत नाही."

काजं-बटणं करणारीने भर कारखान्यात तोंडावर सांगितलं. सहाही शिलाई मशिनं गप्प झाली.

विजेवरचं ते घड्याळ मालकांच्या मेहुण्याने परदेशातून आणलेलं. आपल्या विजेचा जोर त्याला सोसवेना, म्हणून त्याखाली विटेएवढा अडॅप्टर लावला. तो दिवसभर घोरायचा. रोज सकाळी नऊला मालक काटे जुळवत आणि बजावत, "यात पाच वाजल्याशिवाय कुणी उठायचं नाही." त्यात पाच वाजेपर्यंत बाहेर साडेसहा उलटून जात. तिच्या घरी सासू दारातच उभी, "आलीस का गाव उंडारून?"

वायरमनने मागेच सांगितलं होतं, "डब्याने व्होल्टेज उतरवला हो, पण तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, आपली पन्नास. हे घड्याळ हेलकावे मोजून चालतं. तासाला दहा मिनिटं मागे पडणारच."

"परदेशी वस्तूला नावं ठेवतोस? तिकडे कसं बरोबर चालायचं?"

"मग तिकडेच टांगा की!"

वायरमनची हकालपट्टी झाली. मालक स्वतः मात्र जेवायला मनगटावरच्या घड्याळानेच उठत.

आजही ते हसले. "घड्याळ खोटं बोलत नाही, बाई. पाचला बँडवाल्यांचे कोट द्यायचेत. हात चालव."

तिने हात चालवला. घड्याळाच्या चालीने.

बाहेर पाचचा भोंगा झाला आणि बँडमास्तर आत शिरला. मागे अकरा वादक, नुसत्या गंजीफ्रॉकवर, गळ्यात ढोल आणि कर्णे. सहाला वाजवायला उभं राहायचं होतं. टेबलावर बारा कोट. दहांना बटणं होती. दोन बोडके, त्यातला एक खुद्द मास्तरचा.

"पाच वाजले! बटणं कुठायत?" मालक किंचाळले.

तिने भिंतीकडे बोट केलं. तिथे चारला वीस कमी होते. मग सुई गादीत खोचून ती उठली. तिच्यामागे सगळ्याच उठल्या.

"पाच वाजले असतील तर आमची सुट्टी झाली, आम्ही निघालो. चारला वीस कमी असतील तर मास्तरांना बाकावर बसवा, पाचला कोट हातात देते. तुम्ही म्हणाल तसं. फक्त या सगळ्यांसमोर एकदा सांगा मालक, किती वाजले?"