खिळ्यावरची पिशवी

"आगं, पिशवी हातात देत जा," आक्काबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "मानूस बगितल्याबिगर मागं फिरू न्हाई."

तेजल सासूकडे बघून हसली होती. "आत्या, वीस घरांची दारं वाजवत बसले तर इकडे स्वराज उठून भोकाड पसरेल. खिळ्याला अडकवायची आणि निघायचं."

"आन् खिळा सांगतोय व्हय, मानूस जेवलं का न्हाई?"

"सांगतो ना. पिशवी रिकामी, म्हणजे माणूस जेवलं."

रीत तिनेच बसवली होती. प्रत्येक घराच्या दोन कापडी पिशव्या. यादी फोनवर यायची. लोणावळ्याच्या बाजारातून सामान भरायचं, स्कूटर वलवणहून निघून कुरवंड्यापर्यंत जायची. दारावरच्या खिळ्याची रिकामी पिशवी काढायची, भरलेली लावायची. गिऱ्हाईक खूश. तेजल तर फारच खूश, कारण तोंड दाखवावं लागत नव्हतं.

एम.कॉम. झालेली मुलगी दारोदार कांदे-बटाटे पोचवते, हे तिला स्वतःलाच पचलं नव्हतं. मूल झाल्यावर नोकरी सुटली, हे किती जणांना सांगणार? म्हणून ऊन असो, पाऊस असो, डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीत बांधलेला.

त्यात कुरवंड्याचं नवं घर लागलं. बंगळूरहून ओंकार नावाच्या कुणीतरी फोन केला. वडील एकटे असतात, गावापासून जरा सुटं, कड्याकडे जाणाऱ्या वाटेवर घर. दर सोमवारी आणि गुरुवारी केळी, पाव, बिस्किटं, शेंगदाणे, गूळ, साबण, काडेपेटी. त्याने वडिलांचं नाव सांगितलं आणि तेजलने ते पुन्हा एकदा विचारून घेतलं.

सखाराम सर. दहावीचे वर्गशिक्षक. निरोपसमारंभात स्वतःचं पेन तिच्या हातात ठेवून भर वर्गात म्हणाले होते, "तेजल, अधिकारी होऊन ये. तोवर तोंड दाखवू नकोस!" वर्ग खदखदून हसला होता. तीही हसली होती.

पहिल्या सोमवारी ती चोरासारखी फाटकातून शिरली, पिशवी टांगली आणि पळाली. गुरुवारी रिकाम्या पिशवीत चिठ्ठी होती. फळ्यावरचंच ते वळणदार अक्षर.

'केळी उत्तम. सामान आणणाऱ्या ताईंनी एकदा आत येऊन चहा घ्यावा.'

ताई! सरांनी खिडकीतून पाहिलं होतं तर. तेजलने चिठ्ठी पर्समध्ये कोंबली, भरलेली पिशवी लावली आणि स्कूटर उतारावर आल्यावरच श्वास सोडला. चहा म्हणजे ओढणी सोडणं आलं.

त्यानंतर चिठ्ठी आली नाही.

सोमवारी पिशवीच्या तळाशी साबण आणि काडेपेटी तशीच होती. बाकी सगळं संपलेलं. तेजलला हसू आलं. सर तेच. उरलेले खडूसुद्धा मोजून ऑफिसात परत करायचे. गरजेपेक्षा जास्त घ्यायचं नाही. तिने यादीतून दोन्ही वस्तू काढून टाकल्या.

गुरुवारी मात्र पायरीवर केळ्यांच्या साली पडलेल्या. वर्गात कागदाचा कपटा दिसला तरी छडी उगारणारे सर! वय झालं, दुसरं काय. कुणी बघून नावं ठेवू नयेत म्हणून तिने साली भराभर वेचून डिकीत टाकल्या. तेवढीच गुरुदक्षिणा. वर बघितलं तर खिडकीचा पडदा हलल्यासारखा झाला. सर आत उभे असणार. त्यांनी ओळखलं, म्हणूनच चिठ्ठी बंद. आपल्यासारखंच त्यांनाही लाजिरवाणं वाटत असेल. ती मान खाली घालून निघाली.

रविवारी ओंकारचा फोन आला. "ताई, पावसाने तिकडचा टॉवर बंद होता ना, आता सुरू झालाय म्हणतात. तरी बाबांचा फोन बंदच. ते बरे आहेत ना?"

"एकदम!" तेजल म्हणाली. "सगळं सामान संपवतात. चार्जिंग विसरले असतील."

"तुम्ही भेटता ना त्यांना?"

"हो, म्हणजे... जाते ना मी."

"उद्या एकदा फोन लावून द्याल?"

"देते."

सोमवारी तिने फाटकाशी स्कूटर लावली. पिशवी नेहमीसारखीच रिकामी. तिने भरलेली लावली. दार वाजवायला हात उचलला आणि सवयीने पाय मागे वळले. स्कूटर उतारावरच्या वळणापर्यंत आली.

तिथे तिने गाडी थांबवली. पोराला उद्या काय शिकवणार आपण? लपायला?

तिने ओढणी सोडली. आरशात तोंड पुसलं. "सर, मी तेजल. अधिकारी नाही झाले. पण केळी मीच आणते," असं दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. दुसऱ्या वेळी आवाज कापला नाही. मग गाडी वळवली.

फाटक उघडून ती ताठ मानेने, उघड्या तोंडाने अंगणात आली आणि थबकली.

दाराच्या कडीवर एक पाय रोवून, पोटाशी पिलू धरून, माकडीण खिळ्यावरच्या पिशवीत हात घालत होती. पिशवी जागची हलू न देता तिने केळं काढलं, सोललं, साल पायरीवर टाकली. मग पाव. मग बिस्किटांचा पुडा. दार आणि चौकटीच्या फटीवर वरपासून खालपर्यंत कोळ्याचं जाळं धरलं होतं, कुठेही न तुटलेलं.

तेजलकडे बघून ती दचकली नाही, पळाली नाही. सोमवार-गुरुवारच्या बाईला तिने केव्हाच ओळखलं होतं.