हात गरम आहे तोवर

अंकुश मिस्त्री दुपारी गेला आणि तासाभरात अख्खी गल्ली दारात लोटली. रडायला नव्हे. चोऱ्या थांबाव्यात म्हणून बाजारात आलेले नवे नट ज्याच्या बोटांनी आवळले त्याच्याच बोटांनी सुटायचे, आणि गल्लीतले सगळे अंकुशनेच आवळले होते. कुणी स्कूटर ढकलत आणली, कुणी पाण्याचा पंप.

“हात गरम आहे तोवर उरकून घ्या रे!” घाटगेकाका ओरडत होते.

अंकुशची बायको शालन त्याचा हात शेवटचा हातात घ्यायला पुढे सरकली, तर मागून कुणीतरी म्हणालं, “वहिनी, रांगेत या की!”

ती रांगेत उभी राहिली. नंबर लागला तेव्हा हात गार पडला होता.

“अरेरे!” काका हळहळले. “तुमचं काय राहिलं? मिक्सर का?”