जाड ऑइल

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवून मी मूठ कानाला लावली. आत ठकठक चालूच होती.

“साहेब, बेअरिंग गेलंय. घाटात इंजिन जाम होईल.”

“खोलत बसू नकोस. जाड ऑइल टाक, आवाज दबेल. दिवाळसणाला जावयाला गाडी द्यायचीय.”

“पण तुमची लेकही त्याच गाडीत बसणार ना?”

“सासरच्यांना गाडी हवी होती, मिळतेय. तू ऑइल टाक!”

मी टाकलं. ठकठक थांबली. साहेबांनी तिथूनच लेकीला स्पीकरवर फोन लावला.

“बाबा, खरंच? मग पाडव्यानंतर आम्ही आपल्या गाडीनेच घाट उतरणार!” ती हरखून गेली.

“चांगली आहे की नाही, मेकॅनिककडूनच ऐक,” म्हणत साहेबांनी फोन माझ्यापुढे धरला.

“ताई,” मी म्हणालो, “इंजिनचा कसलाही आवाज नाही आता.”

यात एक अक्षरही खोटं नव्हतं.