फ्लेक्सवरची लेक

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत गाजलेल्या माझ्या बहिणीचा, दीपमालाचा, पहिला अल्बम आला आणि सरपंचांनी वेशीत भला मोठा फ्लेक्स ठोकला: 'आमच्या गावची लेक'. यंदा तिच्या गाण्याशिवाय गावात एकही वरात निघाली नाही. सरपंच तर पोराच्या वरातीत मारुतीच्या पारापुढं त्याच गाण्यावर फेटा सुटेस्तोवर नाचले.

काल भीमनगरातून माझी वरात निघाली. डीजेच्या गाडीवर दीपमाला स्वतः माईक घेऊन उभी होती. पारापाशी सरपंच आडवे आले.

"बंद कर बे ते! वरात माघारी फिरवा."

मी घोड्यावरून ओरडलो, "सरपंच, फ्लेक्सवर काय लिवलंय ते वाचा की!"



"मीच लिवलंय. लेक गावची हाय. वरात भीमनगरची हाय."