साळिंदराचा काटा

“त्या बदकाला आता तरी मरू दे!” दादाने निळी फाइल टेबलावर आदळली. “पहिल्या भागात ते हरवलं, दुसऱ्यात सापडलं, तिसऱ्यात पुन्हा हरवलं. चौथ्यात काय, घरचा पत्ता बदलणार? हा भाग आपटणार. लिहून ठेवा!”

आणि त्याने पेन्सिलीचं मागचं टोक आपल्याच कपाळावर टकटक वाजवलं.

कार्टून सिनेमांचा तो स्टुडिओ दोघा भावंडांचा. चित्रं दादाची, कारभार धाकट्या बहिणीचा. तिला सगळे ताई म्हणत. निळ्या फाइलीत एका आंधळ्या घड्याळजीची कोरी करकरीत गोष्ट होती. म्हणजे, नऊ वर्षांपूर्वी कोरी होती. दादाचा जीव त्या फाइलीत अडकलेला आणि ताईला बदकापलीकडे काही दिसत नव्हतं. एकदा चाललं ना, मग पुन्हा चालेल, एवढंच तिचं शहाणपण.

“ठीक आहे, एकदाचं होऊनच जाऊ दे,” ताई सगळ्यांदेखत म्हणाली. “बदकाची पहिली वीस मिनिटं करू आणि मुलांना दाखवू. मुलं कंटाळली तर बदक बंद, तुझा घड्याळजी सुरू. नाही कंटाळली तर फाइल माझ्या कपाटात, आणि पुन्हा तिचं नाव काढायचं नाही.”

“कबूल!”

त्यानंतर दोघांनी बोलणंच टाकलं. घर एकच, जेवणाचं टेबल एकच, पण निरोप आईमार्फत जायचे. त्यातले निम्मे ती वैतागून वाटेतच गाळायची.

या भागात एक नवं पात्र होतं, नदीकाठचं म्हातारं साळिंदर. बदकाने काहीही ठरवलं की याने नाट लावायचा. दादाने ते भांडून आपल्याकडे घेतलं. त्याच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. साळिंदरात ताई उतरवायची, अगदी हुबेहूब. तिचं नाक मुरडणं, तिचा तोरा, तिचं तेच ते तेच ते. असं किरकिरं काढायचं, की मुलांनी खुर्च्या सोडून पळ काढला पाहिजे आणि ताईला तोंड दाखवायला जागा उरता कामा नये. एका दगडात दोन पक्षी, त्यातलं एक तर बदकच.

प्रत्येक चित्रकाराच्या टेबलावर असतो तसा त्याच्याही टेबलावर एक छोटा आरसा होता. चेहरा काढायचा तर आधी तो स्वतःच्या तोंडाने करून बघायचा, आरशात न्याहाळायचा, मग कागदावर उतरवायचा. चार महिने दादा आरशापुढे ताई होऊन बसला. नाक मुरडलं, डावी भुवई चढवली, ओठ वाकडे केले. रागाने हात कसा झरझर चालायचा! संवाद लिहिणाऱ्या मुलीने साळिंदराच्या तोंडी सारखं ‘लिहून ठेवा!’ घातलं होतं. ते वाचून दादा खूश झाला. ताई अगदी अशीच बोलते! मग त्याने पदरचं एक घातलं. प्रत्येक वेळी साळिंदर आपल्याच पाठीतला एक काटा उपसतं आणि कपाळावर टकटक वाजवतं. कुठून सुचलं कोण जाणे.

एकदा ताई मागे येऊन उभी राहिली. तिने कागद पाहिले, तोंडावर हात दाबला आणि तरातरा निघून गेली. “झोंबलं!” दादा पुटपुटला. त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

दाखवायच्या दिवशी साठ मुलं आली. पुढच्या रांगेत आई बसली. दादा फाइल काखोटीला मारूनच आला होता. पडद्यावर बदक आलं. मुलं चुळबुळ करू लागली. एकाने जांभई दिली, दुसऱ्याने बूट काढला. दादाच्या छातीवरचं नऊ वर्षांचं ओझं उतरू लागलं.

मग साळिंदर आलं. काटा उपसला, टकटक, “लिहून ठेवा!” एक मुलगी फिस्सकन हसली. दुसऱ्यांदा दहा जण हसले. चौथ्यांदा अख्खा हॉल साळिंदराबरोबर ओरडला. दादाला दरदरून घाम फुटला.

आई खुर्चीतून अर्धी उठली. “अगं बाई! हा तर आपला दादा! जेवायला बसला की अस्संच करतो. नऊ वर्षं ऐकतेय मी!”

स्टुडिओतली झाडून सगळी माणसं खाली मान घालून हसत होती. वीस मिनिटं संपली. साळिंदर कपाळाला काटा लावून पडद्यावर थांबलं. तीच डावी भुवई. तेच वाकडे ओठ. चार महिने दादा रोज तोच चेहरा बघत होता आणि त्याला वाटत होतं, तो ताईचा आहे.

ताई डोळे पुसत त्याच्यासमोर आली. “मला पहिल्याच कागदावर कळलं होतं. मीच सगळ्यांना बजावलं, त्याला कुणी टोकू नका. पाचव्या भागात बदक नाही, नुसतं हेच. आता फाइल दे इकडे.”

दादाने फाइल छातीशी कवटाळली. त्याचा आवाज फाटला. “देणार नाही! फसवलंत मला सगळ्यांनी! तुमचं बदक आपटणार, हे साळिंदर आपटणार, आणि तो पाचवा भाग तर पहिल्याच दिवशी आपटणार! लिहून—”

त्याची पेन्सिल कपाळाला लागण्याआधीच साठ मुलांनी कपाळावर बोटं वाजवली आणि एका सुरात वाक्य पुरं केलं, “—ठेवा!”